संयुक्त आकृतींचे निरूढी परिबल : पाठ्यपुस्तकांतील एका प्रकरणाची चिकित्सा

स्थितिशास्त्राच्या बहुतेक प्रचलित पाठ्यपुस्तकांत, गुरुत्वमध्याचे विवेचन आटोपल्यावर आणि पुष्कळदा ग्रंथाच्या अगदी अखेरीस, एक प्रकरण येते. आयत, त्रिकोण, वर्तुळ व अर्धवर्तुळ या आकृतींच्या निरूढी परिबलांची सूत्रे त्यात समाकलनाने सिद्ध केलेली असतात. मग समांतर अक्षांचे प्रमेय येते. आणि शेवटी या साध्या आकृतींची बेरीज-वजाबाकी करून टी, आय, एल अशा अक्षरांच्या आकाराच्या छेदांचे परिबल काढण्याची रीत सांगितलेली असते. विद्यार्थ्यांना हे प्रकरण प्रिय आहे. रीत यांत्रिक, कोष्टक ठरलेले, आणि आकडेमोड चुकली नाही तर गुण हमखास. परीक्षकांनाही ते प्रिय आहे, कारण उत्तर एकच असते व ते चटकन तपासता येते. दोन्ही पक्षांना इतके सोयीचे असलेले प्रकरण सहसा कोणी चिकित्सेसाठी हाती घेत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र या सोयीपायीच त्यात एक मोठे मौन दडलेले आहे, आणि ते मौन पदव्युत्तर वर्गापर्यंत आलेल्या विद्यार्थ्याच्या मनातही तसेच टिकून राहिलेले आढळते.

प्रथम नावाविषयी. ‘निरूढी परिबल’ हे नाव ऑयलरने दिलेल्या लॅटिन संज्ञेपासून आलेले आहे. दृढ पदार्थांच्या गतीवरील १७६५ च्या ग्रंथात ऑयलरने ती संज्ञा फिरणाऱ्या पदार्थांसाठी योजिली. तेथे प्रत्येक कणाचे वस्तुमान अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणावयाचे असते, आणि पदार्थ फिरविण्यास होणारा विरोध त्या बेरजेने मोजला जात असल्यामुळे नाव अन्वर्थक ठरते. तुळईच्या छेदाच्या बाबतीत वस्तुमान नाही, फिरणे नाही आणि म्हणून निरूढीही नाही. केवळ बेरजेचे रूप सारखे आहे. वस्तुमानाच्या जागी क्षेत्रफळ आले, आणि उत्तराचे परिमाण लांबीच्या चतुर्थ घाताचे झाले. एका विद्यार्थिनीने वर्गात एकदा विचारले होते, की कागदावर काढलेल्या त्रिकोणाला निरूढी आली कोठून? प्रश्न योग्य होता. ‘क्षेत्राचे द्वितीय परिबल’ हे नाव शास्त्रशुद्ध आहे आणि इंग्रजी ग्रंथांतही त्या अर्थाचे नाव बरेच रूढ झाले आहे. येथे रूढ नाव ठेवले आहे ते केवळ वाचकाच्या सवयीला मान देऊन.

नावाची ही उसनवारी निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणेल. पण ती निरुपद्रवी नाही. फिरणाऱ्या पदार्थाचे तुकडे एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत हे ‘दृढ पदार्थ’ या शब्दातच गृहीत असते. चाकाचा आरा चाकापासून सुटला तर तो चाकाचा भाग राहत नाही, आणि त्याचे परिबल कोणी चाकाच्या परिबलात मिळवीत नाही. क्षेत्राच्या बाबतीत हे गृहीत कोठेच उच्चारलेले नसते. कागदावर दोन आयत एकमेकांना चिकटवून काढले की ते एक झाले, असे आकृती सांगते आणि विद्यार्थी मानतो.

हे स्पष्ट करण्यासाठी नित्याचे उदाहरण घेऊ. टीच्या आकाराचा छेद आहे. वरची आडवी पट्टी १० सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड, खालची उभी पट्टी २ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच. दोन्हींचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. तळापासून त्यांचे क्षेत्रमध्य अनुक्रमे ११ व ५ सेंटिमीटरवर, म्हणून सबंध आकृतीचा क्षेत्रमध्य ८ सेंटिमीटरवर. दोन्ही पट्ट्यांची त्यापासूनची अंतरे ३ सेंटिमीटर. आता आडव्या पट्टीचे स्वतःच्या अक्षाभोवतीचे परिबल ६.७, उभीचे १६६.७, आणि समांतर अक्षांच्या प्रमेयाने प्रत्येकीसाठी मिळवावयाची रक्कम २० गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे १८०. एकूण ५३३.३, एकक सेंटिमीटरचा चतुर्थ घात. कोणत्याही पुस्तकात हे गणित येथे संपते व विद्यार्थी पुढील उदाहरणाकडे वळतो.

आपण थोडे थांबून रकमांकडे पाहू. पट्ट्यांची स्वतःची परिबले मिळून १७३.३ होतात. प्रमेयाने आलेली भर ३६० आहे. म्हणजे उत्तराचा दोन-तृतीयांशाहून किंचित अधिक भाग या भरीतून आला आहे. भर कोठून आली? प्रमेयाच्या सिद्धतेत पाहिले तर ती केवळ बीजगणितातून येते : अंतराचा वर्ग फोडला, मधले पद क्षेत्रमध्याच्या व्याख्येमुळे शून्य झाले, आणि क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग हे पद उरले. सिद्धता निर्दोष आहे. हायगेन्सच्या लंबकावरील १६७३ च्या ग्रंथापासून ही कल्पना या ना त्या रूपात परिचित आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे काहीच कारण नाही. वाद आहे तो उत्तर तुळईत घालण्याच्या क्षणाशी. तुळई वाकली असता आडवी व उभी पट्टी एकाच अक्षाभोवती वाकतील, आडवी सबंध आखडेल व उभीचा खालचा बराच भाग ताणला जाईल, हे तेव्हाच घडेल जेव्हा दोहोंमधील सांधा त्यांना एकमेकींवरून सरकू देणार नाही. सांधा नसेल तर प्रत्येक पट्टी आपापल्या मध्याभोवती स्वतंत्रपणे वाकेल, आणि हाती १७३.३ एवढेच राहील. पट्ट्यांची स्वतःची परिबले पट्ट्यांच्या मालकीची आहेत. ३६० ची भर सांध्याच्या मालकीची आहे. पाठ्यपुस्तक दोन्ही एकाच रकान्यात मिळवून टाकते.

याहून साधे उदाहरण दोन फळ्यांचे. सारख्या रुंदीच्या व जाडीच्या दोन फळ्या एकावर एक ठेवल्या व त्यांवर भार टाकला, तर त्यांची ताठरता एका फळीच्या दुप्पट होते. त्याच फळ्या सरसाने पक्क्या चिकटविल्या तर जाडी दुप्पट झालेली एकच फळी मिळते, आणि जाडीच्या घनाच्या नियमाने ताठरता आठपट होते. लाकूड तेवढेच, क्षेत्रफळ तेवढेच, कागदावरील आकृतीही तंतोतंत तीच, फरक चौपटीचा. भारक्षमतेतील फरक मात्र दुपटीचा असतो, कारण तेथे परिबलाला दूरच्या कडेच्या अंतराने भागावयाचे असते, आणि ही गोष्टही पुष्कळ पुस्तके पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतात. जी आकृती दोन इतकी भिन्न उत्तरे देऊ शकते ती आकृती अपुरी आहे, एवढे तरी पाठ्यपुस्तकाने सांगावयास हवे होते.

उदासीन अक्ष क्षेत्रमध्यातून जातो हे आज आपण सहज म्हणतो, पण ते भूमितीचे सत्य नव्हे. ते एका भौतिक कल्पनेचे फळ आहे आणि ती कल्पना रुजण्यास जवळजवळ दोन शतके लागली. गॅलिलिओने १६३८ मध्ये भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार करताना ती खालच्या कडेभोवती वळते व सबंध छेदावर सारखाच ताण असतो असे मानले. त्यामुळे आयताकृती छेदाची भारक्षमता रुंदी गुणिले उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे त्याला बरोबर सापडले, पण आजच्या हिशेबाच्या तिप्पट किंमत आली. मारिओतने ताण कडेपासून वाढत जातो हे ओळखले तरी अक्ष पुन्हा कडेवरच ठेवला, आणि उत्तर दुप्पट राहिले. पारांने १७१३ मध्ये व कुलोंने १७७३ मध्ये ताण व दाब यांचा समतोल मांडला; नाव्हियेच्या १८२६ च्या व्याख्यानग्रंथापासून अक्ष क्षेत्रमध्यात स्थिर झाला. हे घडले ते एका गृहीताच्या बळावर : वाकण्यापूर्वी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाटच राहतो. सुट्या फळ्यांच्या जोडीत नेमके हेच घडत नाही. दोन छेद दोन वेगळ्या प्रतलांत जातात व मध्ये पायरी पडते. ज्या गृहीतावर संयुक्त आकृतीचे सबंध गणित उभे आहे ते स्थितिशास्त्राच्या पुस्तकात येतच नाही, कारण तो विषय पुढचा. आणि पुढच्या विषयाच्या पुस्तकात ते आले तरी संयुक्त आकृतींचे प्रकरण मागेच झालेले असते. दोन पुस्तकांच्या सीमेवर ही गोष्ट हरवते.

सांध्याला किती बळ लागते हा प्रश्न ज्याने प्रथम नीट सोडविला तो दिमित्री झुराव्स्की हा रशियन अभियंता. १८४० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को या लोहमार्गावरील लाकडी पुलांचे काम करीत असताना, अनेक ओंडके खुंट्या व पाचरींनी जोडून बनविलेल्या तुळया त्याच्यापुढे होत्या. ओंडके एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून पाचरींना किती जोर सोसावा लागतो, याचे सूत्र त्याने मांडले. आज प्रत्येक विद्यार्थी ते कर्तन-प्रतिबलाचे सूत्र म्हणून पाठ करतो : कर्तनबल गुणिले सांध्याच्या एका अंगास असलेल्या क्षेत्राचे प्रथम परिबल, भागिले सबंध छेदाचे निरूढी परिबल व सांध्याची रुंदी यांचा गुणाकार. सूत्राचा जन्म संयुक्त तुळईत झाला, हे सांगणारी पुस्तके थोडी आहेत. अखंड छेदातील कर्तनाचे सूत्र म्हणूनच ते शिकविले जाते, आणि संयुक्त छेद हा त्याचा किरकोळ उपयोग म्हणून शेवटी येतो. क्रम उलटा असता तर विद्यार्थ्याला दोन्ही प्रकरणांचा संबंध आपोआप कळला असता.

हा संबंध न ओळखण्याची किंमत केवढी असू शकते, हे क्वेबेकच्या पुलाने दाखविले. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवरील या पुलाचा मुख्य गाळा १८०० फुटांचा होता. २९ ऑगस्ट १९०७ रोजी, बांधकाम चालू असतानाच, दक्षिणेकडील बांधलेला भाग नदीत कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. पूल का पडला याला कारणे एकाहून अधिक होती. गाळा १६०० फुटांवरून वाढविल्यावर पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने झाला नाही, आणि खालच्या दांड्या वाकत असल्याचे काही दिवस आधीच दिसूनही काम थांबले नाही. पण प्रत्यक्ष दगा दिला तो मुख्य खांबाजवळील खालच्या दाबाच्या दांड्यांनी. त्यांची घडण आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. प्रत्येक दांडीत पोलादी पत्र्यांच्या चार उभ्या फळ्या एकमेकींपासून अंतर ठेवून समांतर उभ्या केल्या होत्या, आणि त्यांना अँगल लोखंडाच्या तिरप्या जाळीने व रिव्हेटांनी एकत्र बांधले होते. आडव्या दिशेने बाकण्याचा विचार केला तर एकेका फळीचे स्वतःचे परिबल नगण्य. सबंध दांडीचे परिबल जवळजवळ संपूर्णपणे क्षेत्रफळ गुणिले अंतराच्या वर्गातून आलेले. म्हणजे जे काही बळ होते ते जाळीच्या भरवशावर होते. आणि जाळी कमकुवत होती. चौकशी मंडळाच्या १९०८ च्या अहवालात या दांड्यांच्या, विशेषतः जाळीच्या, रचनेवर दोष ठेवण्यात आला. पाठ्यपुस्तकी कोष्टकात या दांडीचे परिबल काढले असते तर ते भरभक्कमच आले असते. कोष्टकात जाळीला रकानाच नाही. जाळीच्या लवचीकपणामुळे दांडीची बाकण्याची सीमा किती खाली येते याचे गणित एंगेसरने १८९१ मध्येच केले होते, हे येथे नोंदविले पाहिजे. ज्ञान उपलब्ध नव्हते असे म्हणता येत नाही.

पक्का सांधा आणि सांधाच नाही, या दोन टोकांच्या मधल्या स्थितीचे काय? व्यवहारातील खिळे, खुंट्या व स्क्रू थोडे सरकतातच. याचे उत्तर लाकूडकामाच्या संहितांनी फार सुंदर रीतीने दिले आहे, आणि शुद्ध गणिताच्या वाचकालाही ते रुचेल. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोकोड ५ या युरोपीय संहितेच्या एका परिशिष्टात, खिळ्यांनी वा तत्सम साधनांनी जोडलेल्या तुळईची ताठरता काढताना प्रत्येक भागाचे स्वतःचे परिबल पूर्ण घेतात, पण प्रमेयातील भर एका गुणकाने गुणून घेतात. सांधा नसेल तर गुणक शून्य, पूर्ण पक्का असेल तर एक, एरवी खिळ्यांच्या सरकण्यावरून व तुळईच्या लांबीवरून मधली किंमत. दोन भागांच्या तुळईत गुणक एकाच भागाला लावतात आणि क्षेत्रमध्याची जागाही त्यानुसार सरकते. वरील दोन फळ्यांना ही रीत लावली, आणि गुणक अर्धा धरला, तर ताठरता सुट्या फळ्यांच्या तिप्पट येते; अडीचपट नव्हे, जसे सरासरीच्या सवयीने वाटेल. सांधा अर्धा पक्का असला तरी लाभाचा दोन-तृतीयांश हाती लागतो. समांतर अक्षांच्या प्रमेयाची दोन पदे दोन वेगळ्या मालकांची आहेत, हे वर म्हटले ते येथे संहितेच्या भाषेत लिहिलेले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो व तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. स्थितिशास्त्राचे प्रकरण भूमितीचे आहे, त्यात सांध्यांचा विचार आणणे म्हणजे विषयांची सरमिसळ करणे होय. आधी आकृतीचे गुणधर्म शिकावेत, मग पदार्थाचे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु मग पुस्तकांनी तो नियम स्वतः पाळावा. बीअर व जॉन्स्टन यांच्या प्रसिद्ध ग्रंथात या प्रकरणाचा आरंभच वाकणाऱ्या तुळईने व पाण्याखालील झडपेने होतो. हिबेलरच्या ग्रंथात खोलीनुसार वाढणाऱ्या दाबाने. मेरिअमने हा भाग परिशिष्टात घातला, आणि निदान विभागणी तरी सुस्पष्ट ठेवली. प्रेरणा भौतिक, उदाहरणे चॅनल व पट्ट्या जोडून बनविलेल्या छेदांची, आणि जोडणीविषयी मात्र ‘भूमिती’ म्हणून मौन, हे सुसंगत नाही. झडपेच्या उदाहरणात तुकड्यांच्या जोडणीचा प्रश्न येत नाही, कारण तेथे परिबलाने पाण्याच्या दाबाची बेरीज होते व आकृतीला वाकावयाचे नसते. तुळईच्या उदाहरणात तो प्रश्नच मुख्य आहे. एकच राशी दोन ठिकाणी दोन प्रकारे अर्थपूर्ण होते, हा भेद विद्यार्थ्याला सांगितला असता तर प्रकरण उलट अधिक भूमितीय झाले असते.

दुसरी उणीव अधिक तांत्रिक आहे. एलच्या आकाराच्या छेदाची, म्हणजे अँगलची, उदाहरणे सर्वत्र असतात, आणि बहुतेक ठिकाणी आडव्या व उभ्या अक्षांभोवतीची परिबले काढून उत्तर संपते. प्रत्येक भुजा १० सेंटिमीटर व जाडी १ सेंटिमीटर घेतली, आतले गोलावे सोडून दिले, तर क्षेत्रफळ १९ चौरस सेंटिमीटर व दोन्ही अक्षांभोवतीचे परिबल १८० येते. परंतु या आकृतीला त्या अक्षांशी सममिती नाही. तिचा निरूढी-गुणाकार, म्हणजे क्षेत्रघटक गुणिले दोन्ही अंतरे यांची बेरीज, १०६.६ एवढा आहे. त्यामुळे प्रमुख अक्ष ४५ अंशांनी कललेले आहेत, आणि त्यांभोवतीची परिबले २८६.६ व ७३.४. हा अँगल दाबाचा खांब म्हणून उभा केला तर तो १८० च्या नव्हे, ७३.४ च्या अक्षाभोवती बाकेल. कोष्टकी उत्तर त्याच्या बळाची किंमत जवळजवळ अडीचपट सांगते. गंमत अशी, की आयतांचे स्वतःचे गुणाकार शून्य असल्यामुळे हा सगळा १०६.६ सुद्धा केवळ अंतरांच्या पदांतूनच येतो. प्रमुख अक्षांचे कलम पुस्तकात असते, नाही असे नाही. पण ते ऐच्छिक समजून वगळण्याची वहिवाट पडली आहे, आणि अँगलची उदाहरणे मात्र त्याच्या आधीच्या संचात छापलेली असतात.

उत्तरपत्रिकांत नेमाने आढळणाऱ्या एका चुकीचाही उल्लेख केला पाहिजे. त्रिकोणाचे पायाभोवतीचे परिबल पाठ असते : पाया गुणिले उंचीचा घन, भागिले १२. शिरोबिंदूतून जाणाऱ्या समांतर अक्षाभोवतीचे विचारले की विद्यार्थी त्यातच क्षेत्रफळ गुणिले उंचीचा वर्ग मिळवून मोकळा होतो व सात-द्वादशांशाचे गुणोत्तर लिहितो. बरोबर उत्तर एक-चतुर्थांश आहे, आणि ते क्षेत्रमध्यातून गेल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे आधी एक-छत्तिसांशापर्यंत उतरावे, मग आठ-छत्तिसांश मिळवावेत. ही चूक अज्ञानाची नव्हे, रीतीची आहे. ‘सरकविण्याचे सूत्र’ म्हणून प्रमेय शिकविले की कोठूनही कोठेही सरकता येते असे वाटणारच.

सुधारणा म्हणून नव्या प्रकरणाची गरज नाही, कोष्टक बदलले तरी बरेच साधेल. स्वतःची परिबले व अंतरांची भर यांचे रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत, त्यांच्या बेरजा वेगळ्या लिहाव्यात, आणि भरीच्या बेरजेपुढे ती कशाच्या बळावर घेतली ते शब्दांत नोंदवावे : अखंड ओतीव, वेल्ड, रिव्हेट, सरस, किंवा काहीच नाही. वर दिलेल्या टीच्या छेदाला ही रीत लावून पदव्युत्तर वर्गात एकदा प्रश्न दिला होता : दोन्ही पट्ट्या केवळ एकमेकींवर टेकलेल्या आहेत, तर परिबल किती? वर्गातील बहुतेकांनी ५३३.३ लिहिले, दोघांनी १७३.३ लिहिले, आणि एकाने उत्तरपत्रिकेत काहीच न लिहिता समासात विचारले, की पट्ट्यांवर भार किती आहे. कारण त्या लाकडाच्या असतील तर घर्षणही थोडे काम करीलच.